ओल मोजायचं दोन सुयांचं मशीन: होळीच्या आत घरभर फिरवून बघा

आधीच सांगतो, घ्यायसारखं आहे. हजाराच्या आतबाहेर मिळतं, ऑनलाइन कितीतरी नावांनी एकच माल विकायला ठेवलेला आहे, पिवळं नाहीतर केशरी प्लास्टिक, वर दोन टोकदार सुया, बोटभर स्क्रीन, आत ती चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी, म्हणून कंपनीचं नाव लिहीत बसत नाही. पण हे कधी वापरायचं अन् ते जो आकडा दाखवतंय त्यातलं किती खरं धरायचं, हे सोबत आलेल्या चिठ्ठीत कुठंच नाही, अन् ते माहीत नसलं तर मशीन चार दिवसांत ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. त्यासाठी हे एवढं मोठं लिहायलोय.

पहिलं म्हणजे वेळ. पावसाळ्यात हे भिंतीला लावून काहीच कळत नाही, सगळीकडं ओलच दाखवतं अन् ते खरंच असतं. आपल्या लातूरकडं पाऊस उघडला की दिवाळीपासून होळीपर्यंत हवा कोरडीठाक, रात्री थंडी अन् दुपारी कडक ऊन, म्हणजे भिंतीत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला चार महिने मोकळे मिळतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, नद्या गावात शिरल्या, त्यात तर कितीतरी घरं आठवडे न् आठवडे ओली होती, तरीसुद्धा साध्या नऊ इंची विटेच्या भिंतीचे वरचे दोन-तीन इंच फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत वाळून जातात. मग तेव्हा पण एखाद्या भिंतीचा एखादाच तुकडा ओला लागला, तर ते पावसाचं पाणी नव्हे. त्या तुकड्याला आज, या आठवड्यात, कुठून तरी पाणी मिळायलंय. मला या मशीनचा खरा उपयोग कळला तो इथं, अन् बाकी सगळं याच एका गोष्टीच्या आधारानं वाचा.

अजून एक. जानेवारी-फेब्रुवारीत भिंतीला लोणा फुटतो, पांढरी पिठूळ बुरशीसारखी दिसणारी पूड, हात लावला की झडती, अन् लोक म्हणतात थंडीनं भिंत खराब झाली. थंडीचा त्यात तसा दोष नसतो. भिंत वाळताना आतलं पाणी वरच्या पापुद्र्यापर्यंत येतं, उडून जातं अन् त्यात विरघळलेले क्षार तिथंच मागं राहतात. म्हणजे लोणा हा पाणी इथून गेल्याचा पुरावा आहे, अन् आपण काय करतो, पाडवा आला, घरात लग्न निघालं, की पेंटरला बोलावतो अन् तो खरवडून पुट्टी मारून प्लास्टिक पेंट लावून सगळा पुरावा झाकून टाकतो. आत पाणी असलं तर पुढच्या वर्षी त्याच जागी फुगा येतो. म्हणून पेंटर यायच्या आधी, मशीन घेऊन किंवा नुसतं डोळ्यांनी, एकदा घर बघून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मशीन चालतं कसं ते. दोन सुया भिंतीत टोचल्या की एका सुईतून दुसऱ्या सुईकडं बारीकसा करंट जातो, ओल जास्त तर करंट सहज जातो, कोरडं असलं तर अडतो, अन् त्या अडण्यावरून मशीन आकडा काढतं. हा आकडा लाकडासाठी बसवलेला असतो. विटेवर, प्लास्टरवर तुम्ही टोचलं अन् स्क्रीनवर २४ टक्के आलं तर भिंतीत २४ टक्के पाणी आहे असं अजिबात धरू नका. काही मॉडेलला भिंतीसाठी वेगळा मोड असतो, त्यातही फार जीव नाही. भिंतीवर हा आकडा फक्त तुलनेला वापरायचा. म्हणून आधी घरातली खात्रीनं कोरडी असलेली भिंत शोधा, हॉलमधली मधली भिंत जिच्या कुठल्याच बाजूला बाथरूम नाही, किचन नाही, बाहेरचा पाऊस नाही. तिचं रीडिंग हा तुमचा शून्य. मग संशयाच्या भिंतीवर हातभर अंतरानं टोचत जायचं अन् प्रत्येक ठिकाणी पेन्सिलनं आकडा तिथल्या तिथं लिहायचा. आमच्या आईनं ते बघून विचारलं, ‘भिंतीवर काय गणितं मांडायलास रे?’ पण ही गणितंच सगळं सांगतात. एकट्या आकड्याला किंमत नाही, आकडे कोणत्या बाजूला चढतात अन् कोणत्या बाजूला उतरतात ते बघायचं असतं.

आमच्या घरचंच सांगतो. मागच्या बेडरूममधलं कपाट उघडलं की कुबट वास, डांबरगोळ्या ठेवून झाल्या, कपडे उन्हात टाकून झाले, वास परत हजर. भिंतीवर डाग नाही, पोपडा नाही, रंग एकदम व्यवस्थित. कपाट सरकवून मशीन लावलं तर गुडघ्याच्या उंचीला एका जागी आकडा एकदम वर, अन् तिथून चारी बाजूंना गेलं की उतरत उतरत कोरड्यावर. असा गोल नकाशा आला की समजा पाणी एका ठिकाणाहून सुटायलंय, म्हणजे पाइप किंवा जोड. भिंतीच्या पलीकडं बाथरूम अन् नेमकी तिथूनच गिझरची गरम पाण्याची लाइन. आता बघा, आपल्याकडं गिझर चालतो तो थंडीतच, उन्हाळ्यात टाकीचंच पाणी चटका देतं. म्हणजे या लाइनीत वर्षातले आठ महिने गरम पाणी जात नाही अन् मग अचानक रोज गरम-गार, गरम-गार, त्यात पाइप ताणतो अन् आखडतो, एखादा जोड कच्चा राहिलेला असला तर तो थंडीतच बोलायला लागतो. गिझरला जाणारा कॉक बंद ठेवला, आंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं, अन् थोडे दिवस रोज त्याच पेन्सिलच्या खुणांवर टोचत गेलो. आकडे खाली यायला लागले तेव्हा खात्री झाली. पाणी तोडल्यावर आकडा पडतो का, ही एक परीक्षा फोडाफोडी करायच्या आधी नक्की करा.

प्लंबर मामांनी येऊन बघितलं अन् त्यांच्या नेहमीच्या अनुभवानं म्हणाले, ‘दादा, सगळ्या टाइल्स काढाव्या लागतेत, कुठं कुठं शोधावं?’ मी म्हणलं, ‘मामा, आधी ही एवढी एकच काढा, इथं नाही निघालं तर मग तुम्ही म्हणाल तसं.’ टाइल काढली, थोडं टाचलं, अन् सीपीव्हीसीचा (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा) एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, निघाला, घामासारखं पाणी धरून. एल्बो बदलला, टाइल परत बसवली. अख्खं बाथरूम फोडायचा खर्च अन् मशीनची किंमत, दोन्ही समोरासमोर ठेवा, मला वेगळं सांगायची गरज नाही.

पण हेच मशीन फसवतं पण, अन् ते कुठं फसवतं हे लक्षात ठेवलंच पाहिजे. जिन्याच्या भिंतीला आमच्याकडं लोणा आहे. तिथं सुया लावल्या तर आकडा थेट वरच्या टोकाला, लाल लाइट, बीप बीप. अन् भिंत तर हाताला कोरडी. कारण क्षार. क्षारामुळं पण करंट सहज जातो, थोडासा ओलावा असला तरी मशीनला वाटतं भिंत पाण्यात आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते गिझरचं कॉइल नाहीतर चहाचं पातेलं बघून कळतंच, तेच पाणी घर बांधताना मालाला अन् प्लास्टरवर मारायला वापरलेलं असतं. अशा भिंतीवर मशीनचं ऐकू नका. तिथं किचनमधली अॅल्युमिनियम फॉइल घ्या, फूटभर चौकोन कापा, चारी कडा टेपनं भिंतीला हवाबंद चिकटवा अन् दोन दिवस विसरून जा. मग काढा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर पाणी भिंतीतूनच यायलंय, खोलीकडच्या बाजूला दमटपणा असला तर तो हवेतला आहे, दोन्हीकडं कोरडं असलं तर भिंत सध्या कोरडी आहे अन् मशीन क्षारावर बोलत होतं. आमची कोरडी निघाली. असा लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात.

शेजारच्या काकूंकडं वेगळाच नकाशा आला. समोरच्या खोलीत जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत सरळ आडवी पट्टी, खाली आकडे सगळ्यात जास्त, वर जाताना कमी, अन् आडवं फिरलं तर सगळीकडं जवळपास सारखे. अशी पट्टी म्हणजे पाणी खालून, घराच्या पायातून चढायलंय. जुन्या बांधकामात प्लिंथवर (जोत्यावर) डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू न देणारा, थर नसतो नाहीतर तो फुटलेला असतो, त्यामुळं विटा जमिनीतलं पाणी वर ओढतात. पण जमिनीत मार्चमध्ये पाणी आलं कुठून? नळाला पाणी काही दिवसांच्या गॅपनं येतं म्हणून आपल्या लातूरला घरोघर हौद, अन् काकूंचा हौद त्याच भिंतीला चिकटून. त्यात खाली काळी माती. ती पावसात फुगते अन् हिवाळा सरला की भेगाळते, दरवर्षी ही ओढाताण, मग हौदाच्या भिंतीला केसासारखी चीर पडायला वेळ लागत नाही. रात्री मोटर अन् येणारा नळ दोन्ही बंद करून हौदात पाण्याच्या पातळीला खूण केली, सकाळी पाणी खुणेच्या खाली. इथं नळाचं पाणी मोजायचं मीटर बघून गळती शोधा असा जो सल्ला सगळीकडं देतात तो रोज चोवीस तास पाणी येणाऱ्या गावांसाठी, आपल्याला खूणच बरी. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हौदातलं पाणी रातोरात घराच्या पायात मुरायलंय हे बघून माझा तर जीव तुटला. काकूंनी हौद रिकामा करून आतून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर करून घेतलं. भिंत वाळायला मात्र वेळ लागणार, लगेच रंग देऊ नका म्हणून त्यांना दोनदा सांगून आलो.

स्लॅबच्या गळतीला हे मशीन मार्चमध्ये जवळपास निकामी आहे. पाऊस नाही, पाणी नाही, मग सुयांना सापडणार काय. तिथं डोळे अन् कान. छताच्या कोपऱ्यात पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग, डागाच्या आत डाग म्हणजे दरवर्षी येणारं पाणी. गच्चीवर जाऊन कठडा अन् स्लॅब जिथं मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) बघा, भेग तिथंच पडते, अन् पिंपळाचं रोपटं उगवलेलं असलं तर तिथं ओल आहे हे सांगायला कुणी नको. कोब्यावर (गच्चीच्या वरच्या सिमेंटच्या थरावर) काठी ठोकत चला, पोकळ आवाज आला तिथं थर सुटलेला आहे. खात्री करायची तर गच्चीच्या तेवढ्याच भागाला मातीचा नाहीतर सिमेंटचा छोटा बांध घालून दोन इंच पाणी दोन-तीन दिवस धरून ठेवा अन् खालून आधी-नंतर मशीन लावा, इथं मात्र ते कामाला येतं. अख्खी गच्ची भरू नका, पाणी तेवढं नाही आपल्याकडं. अन् छताला सरळ रेषेत गंजाचा तपकिरी पट्टा दिसला किंवा खपली पडून सळई उघडी पडली तर मशीन ठेवून द्या अन् इंजिनिअरला बोलवा. स्लॅबच्या तळाला सळईखाली काँक्रीट असतं जेमतेम २० मिलीमीटर, गंज फुगून ते ढकलून देतो, तिथं वरवर सिमेंट थापून चालत नाही.

हे मशीन सगळ्यात खरं बोललं ते आजोळी, कळंब तालुक्यात, मामाच्या माळवदात, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेल्या घरात. कारण तिथं लाकूड आहे अन् मशीन लाकडासाठीच बनलेलं, आकडा टक्क्यात साधारण जसाच्या तसा धरता येतो. मोकळ्या तुळईवर मधोमध दहाच्या आसपास आलं, म्हणजे ठणठणीत. पण माळवदाची तुळई सडते ती मधे नाही, टोकाला, जिथं ती दगडी भिंतीत शिरलेली असते, अन् तो भाग दिसत नाही. शिडी लावून प्रत्येक तुळई भिंतीला लागून टोचली. सगळ्या बऱ्या, एक सोडून, पन्हाळीच्या बाजूची, तिथं वीसच्या वर. लाकडात वीसच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी लागून ते सडायची भीती असते. मामा म्हणाले, ‘आरं वरून तर कायच दिसंना.’ खरंच दिसत नव्हतं. पन्हाळीचं पाणी भिंतीतच उतरत होतं. माळवदावर दरवर्षी पावसाच्या आधी पांढरी माती टाकायची पद्धत, थरावर थर, वजन वाढत जातं, अन् खाली तुळईचं टोक सडलेलं असेल तर काय होतं हे आपल्या भागाला कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडं दगड-मातीच्या जाड भिंती अन् मातीची जड माळवदंच माणसांच्या अंगावर आली. भूकंप टाळता येत नाही, पण सडकं टोक भूकंपाशिवाय पण बसू शकतं. मामांनी त्या तुळईखाली लगेच टेकू दिला अन् पन्हाळ पुढं काढली, वरची जुनी माती उतरवायचं काम पाऊस यायच्या आत करायचं ठरलंय. ज्यांचं गावाकडं माळवद आहे, म्हातारी माणसं तिथं राहतात, त्यांनी दुसऱ्या कशासाठी नाही तर एवढ्यासाठी तरी हे मशीन घ्या. दगडी भिंतीवर मात्र ते वापरू नका, अडीच-तीन फुटी भिंत आत कशी आहे ते या बारक्या सुयांना कळत नाही.

थर्मल कॅमेऱ्यावाल्यांबद्दल पण विचारलं जातं. मित्राच्या अपार्टमेंटमध्ये एकजण आला होता, मी मुद्दाम जाऊन बघत बसलो. कॅमेरा पाणी बघत नाही, भिंतीचं तापमान बघतो. ओल्या जागेवरून पाणी उडत असतं म्हणून ती गार राहते अन् स्क्रीनवर निळी दिसते. पण सावलीचा कोपरा पण निळा दिसतो अन् एसीच्या समोरची भिंत पण. तो माणूस चांगला होता, निळं दिसलं की खिशातून असलंच सुयांचं मशीन काढून टोचून खात्री करत होता. एवढा सगळा मजला त्यानं झटपट बघितला, ते आपल्या मशीनला जमणार नाही. तर अपार्टमेंट असेल, वरच्या फ्लॅटवाल्याशी भांडण चालू असेल अन् लेखी रिपोर्ट लागत असेल तर कॅमेऱ्यावाल्याला बोलवा, पण पैसे ठरवायच्या आधी विचारा की टोचून खात्री करणार का. नुसते रंगीत फोटो देणार असेल तर नको. स्वतःच्या घराला सुयांचं मशीन पुरतं.

मशीनचे दोष. सुया नाजूक, सिमेंटच्या प्लास्टरवर जोर दिला की वाकतात, जादा सुया सोबत दोनच. पेंटवर बारीक भोकं राहतात, भाड्याच्या घरात मालकाला विचारून टोचा. लगेच बंद होतं, शिडीवर चढेपर्यंत स्क्रीन गेलेली असते. लाल-पिवळा-हिरवा लाइट लाकडाच्या हिशोबानं आहे, भिंतीवर त्याच्याकडं बघूच नका. अन् स्विचबोर्डच्या वर-खाली, सरळ रेषेत, अजिबात टोचायचं नाही, आत वायरिंग असतं. तिथं ओलीची शंका असेल तर त्याची खूण वेगळी, आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच) सतत पडत राहते, घरातली ती साधारण ३० मिलीअँपियरची गळती झाली की पडते. तेव्हा इलेक्ट्रिशियन आधी, बाकी सगळं नंतर.

बिनसुयांचं, नुसतं भिंतीला टेकवायचं मॉडेल पण येतं, महाग आहे. भोकं पडत नाहीत हे खरं, पण आत सळई नाहीतर पाइप आला की आकडा वर जातो, स्लॅबवर तर भरवसाच नाही, अन् खरबरीत प्लास्टरवर नीट टेकत नाही. आपल्या घरांना सुयांचंच बरं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या चिठ्ठीसाठी, एवढ्या छोट्या कागदावर तीन भाषांत वॉरंटी लिहिली अन् क्षाराबद्दल एक ओळ नाही. घेताना तीन गोष्टी बघा: रीडिंग धरून ठेवायचं होल्ड बटण आहे का, सुया बदलता येतात का, अन् टोपणात तपासणीचे दोन पॉइंट आहेत का, त्यावर सुया टेकवल्या की मशीन नीट चाललंय का ते कळतं. बॅटरी सोबतची काढून चांगली टाका, ती उतरली की आकडे काहीही यायला लागतात.